न्यूझीलंड, दक्षिण बेट: मुक्काम नेमके कुठल्या गावांत करावेत?

सांजवारा

मंडळी, मार्चमध्ये न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर जायचं नक्की झालंय. मी, नवरा, दहा वर्षांची लेक आणि सासूबाई (वय ७१, गुडघे कुरकुरतात, उत्साह मात्र आम्हा तिघांपेक्षा जास्त). विमान क्राइस्टचर्चला उतरतं आणि परतही तिथूनच. गाडी भाड्याने घेणार, आम्ही दोघं आलटून पालटून चालवणार. हातात १२ रात्री आहेत.

काय बघायचं याच्या याद्या ढिगाने मिळाल्या. झोपायचं कुठे, हे कोणी धड सांगत नाही. सध्याचा कच्चा आराखडा असा:

क्राइस्टचर्च १, टेकापो १, माउंट कुक १, क्वीन्सटाउन ३ (मिलफर्ड साउंड, म्हणजे उंच कड्यांमधून आत घुसलेली समुद्राची खाडी, तिथूनच एका दिवसात जाऊन-येऊन), वानाका १, फॉक्स १, फ्रान्झ जोसेफ १, पुनाकाइकी १, आर्थर्स पास १, शेवटी परत क्राइस्टचर्च १.

नवरा म्हणतो, छान आहे, सगळं कव्हर होतंय. मला कागदावर बघूनच दमायला होतंय. जाणकारांनी प्रकाश टाकावा. सगळे शाकाहारी आहोत, अंडं चालतं.

टाकी_फुल्ल

बारा रात्रींत दहा वेळा बॅगा उपसायच्या? विंचवाचं बिऱ्हाड परवडलं.

दक्षिणकडा

क्राइस्टचर्चला राहतो, त्यामुळे या विषयावर बोलायचा थोडा हक्क घेतो. सांजवारा, तुमचा मार्ग चांगला आहे, गावं चुकताहेत.

इथल्या मोटेलांचा शिरस्ता असा की सकाळी दहाला खोली सोडायची आणि नवी खोली दुपारी दोनच्या आधी सहसा मिळत नाही. म्हणजे गाव बदललं की त्या दिवसाची पहाट आवराआवरीत गेली. आणि इथला सगळा माल पहाटेच असतो. वारा पडलेला, तळी स्थिर, डोंगरावर ढग चढायचे बाकी. एक रात्र राहून तुम्हाला तिथली एकच सकाळ मिळते आणि तीही बॅगा कोंबण्यात जाते.

म्हणून मी आधी पाहायच्या जागा वेगळ्या लिहितो आणि झोपायच्या वेगळ्या. आर्थर्स पास ही डोंगरातली खिंड, थांबायची जागा आहे. गाडी लावा, केआ पोपट बघा (ते गाडीच्या दाराचं रबर कुरतडतील, हे गृहीत धरा), ओटिराचा पूल बघा. ४४० मीटर लांबीचा हा पूल १९९९ मध्ये झाला, त्याआधी त्या दरडींतून जाणारा जुना रस्ता जीव मुठीत धरायला लावायचा. हे सगळं दोन-तीन तासांचं काम. त्यासाठी एक रात्र कशाला?

फॉक्स आणि फ्रान्झ जोसेफ या हिमनद्यांशेजारच्या दोन गावांत अंतर आहे जेमतेम २३ किमी. दोन्हीकडे एकेक रात्र म्हणजे अर्ध्या तासाच्या प्रवासासाठी चेक-आउट, चेक-इन. कुठलंही एक निवडा आणि तिथे दोन रात्री राहा.

आणि मिलफर्ड क्वीन्सटाउनहून एका दिवसात करू नका. नकाशावर दोन्ही अगदी शेजारी दिसतात, पण मधे आल्प्स (इथले, सदर्न आल्प्स) आहेत. रस्ता खाली ‘ते आनाऊ’ (Te Anau) नावाच्या गावापर्यंत जाऊन पुन्हा वर चढतो. एका बाजूचे जवळजवळ २९० किमी, न थांबता चार तास. परत येताना तेवढेच.

सांजवारा

अर्रर्र. नकाशावर खरंच बोटभर अंतर दिसतंय हो. मग मिलफर्डलाच राहायचं का?

दक्षिणकडा

मिलफर्डला गाव असं नाहीच. धक्का, विमानपट्टी आणि एखादं राहायचं ठिकाण, तेही महिनोन्‌महिने आधी भरतं. तुम्ही ते आनाऊला दोन रात्री राहा. तिथून मिलफर्ड १२० किमीच्या आत, नुसतं चालवलं तर दोन तास. पण नुसतं चालवून होत नाही, कारण हा रस्ताच खरं प्रेक्षणीय स्थळ आहे. एग्लिंटन खोरं, मिरर लेक्स, पुढे होमर बोगदा. बोगदा १.२ किमीचा, उताराचा, १९५४ मध्ये वाहतुकीला खुला झालेला. आत एकाच दिशेची वाहतूक सोडतात, सिग्नलला थांबावं लागतं. त्या थांब्यातच बहुतेकांना पहिला केआ भेटतो.

क्वीन्सटाउनहून निघालेल्या बसगाड्या मिलफर्डला दुपारच्या सुमाराला पोचतात आणि धक्क्यावर झुंबड उडते. ते आनाऊहून सातला निघालात तर सकाळची बोट मिळते आणि गर्दी येईपर्यंत तुम्ही परतीच्या वाटेवर असता. पेट्रोल ते आनाऊतच भरून घ्या, मधे एकही पंप नाही. मोबाइलला रेंजही नाही.

भिंगरी

दक्षिणकडा +१. मिलफर्डला पाऊस असेल तर हिरमुसू नका. वर्षाला साडेसहा हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, आपल्या आंबोलीच्या पंक्तीतला. कोरड्या दिवशी दोनच मोठे बारमाही धबधबे दिसतात, बोवेन आणि स्टर्लिंग. पाऊस झाला की दोन्ही कड्यांवरून शेकड्याने पांढऱ्या धारा सुटतात. मला तरी पावसातलं मिलफर्ड जास्त आवडलं. मात्र सँडफ्लाय नावाची चिमुकली माशी पाऊस थांबला की हल्ला करते. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि मलम हाताशी ठेवा, लेकीसाठी तर नक्कीच.

आकाशगंगू

टेकापोची एक रात्र कुणी गाळायला सांगितली तर ऐकू नका! टेकापोचा हा सगळा परिसर, आओराकी मॅकेन्झी, हे २०१२ पासून आंतरराष्ट्रीय दर्जाचं अंधारं आकाश राखीव क्षेत्र आहे. वर माउंट जॉनची वेधशाळा. मार्चमध्ये सूर्यास्त आठच्या सुमाराला, साडेनऊपर्यंत पूर्ण काळोख, म्हणजे लेकही जागी असेल. दक्षिण क्रॉस हा तारकासमूह आणि मॅगेलनचे दोन्ही मेघ (आपल्या शेजारच्या छोट्या दीर्घिका) नुसत्या डोळ्यांनी. भारतातून मॅगेलनचे मेघ नीट दिसतच नाहीत, हे लक्षात घ्या.

पण तिथी बघून जा. पौर्णिमेच्या आसपास गेलात तर चांदणं छान पडेल, तारे मात्र दिसणार नाहीत.

दक्षिणकडा

गंगूशेठ, आकाशाबद्दल दुमत नाही. पण ते आकाश टेकापोच्या मालकीचं नाही. ट्वायझल तिथून ५८ किमीवर, त्याच खोऱ्यात, आणि तिथेही गावाबाहेर दोन मिनिटं गेलं की तितकंच काळंकुट्ट. शिवाय ट्वायझलहून माउंट कुक पाऊण-एक तासावर. टेकापोहून दीड तास धरावा लागतो.

ट्वायझल हे दिसायला काहीच नाही, हे आधीच सांगतो. १९६८ मध्ये जलविद्युत प्रकल्पाच्या कामगारांसाठी वसवलेली वसाहत, काम संपलं की मोडायची होती. रहिवाशांनी ती मोडू दिली नाही. त्यामुळे सुंदर वगैरे नाही, पण सुपरमार्केट आहे, सपाट आहे, मोटेलं बैठी आहेत. सासूबाईंच्या गुडघ्यांना ट्वायझल मानवेल. टेकापोचं ते १९३५ चं दगडी चर्च आणि निळं तळं जाताना दुपारी बघा, तळ्याचा रंग भर उन्हातच खुलतो. हिमनदीने दळलेलं खडकाचं पीठ पाण्यात तरंगतं, त्याचा तो रंग.

आकाशगंगू

"दिसायला काहीच नाही" अशा गावात लोकांना सुट्टीत राहायला सांगणं हा खास इंजिनियरी सल्ला आहे :)

रात्री दोनला दार उघडून तळ्याच्या काठावर उभं राहणं वेगळं आणि "गावाबाहेर दोन मिनिटं" वेगळं. मी टेकापोच म्हणेन.

दक्षिणकडा

एकच रात्र असती तर मीही टेकापोच म्हटलं असतं. दोन असतील तर ट्वायझल, कारण माउंट कुकसाठी दोन सकाळी हव्यात. डोंगर ३,७२४ मीटरचा असला तरी एका ढगात अख्खा गडप होतो. पहिल्या दिवशी दिसला नाही तर दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा जाता येतं. पुकाकी तळ्याच्या काठाने जाणारा तो रस्ता दोनदा केला तरी कंटाळा येत नाही.

चहाबाज

माउंट कुक गावातच का नाही राहायचं? कुणी बोलतच नाहीये. खिडकीतून डोंगर दिसतो राव.

भिंगरी

चहाबाज, खोल्या मोजक्या, त्या लवकर जातात आणि गावात म्हणावं असं किराणा दुकान नाही. चार माणसांचा शाकाहारी स्वयंपाक करायचा तर ट्वायझलहून सामान भरूनच जावं लागतं. ज्यांना फक्त चालायचंय, पहाटे पाचला उठून वाटेला लागायचंय, त्यांच्यासाठी ते उत्तम. इथे आजी आहेत.

चालण्यावरून आठवलं. हुकर व्हॅलीची वाट जाऊन-येऊन १० किमी, बरीचशी सपाट, पण तिथल्या झुलत्या पुलांच्या कामांमुळे काही भाग बंद असू शकतो. निघायच्या आधी तिथल्या संवर्धन खात्याच्या (डीओसी म्हणतात सगळे) संकेतस्थळावर बघा. सासूबाईंसाठी केआ पॉइंटची छोटी वाट बरी. टास्मान हिमनदीच्या सज्जाला भरपूर पायऱ्या आहेत, तिकडे नको.

अण्णा_निवृत्त

सांजवाराताई, वयाने तुमच्या सासूबाईंच्या जवळपासचा आहे, म्हणून दोन शब्द.

मुलं आराखडा करताना किलोमीटर मोजतात. आम्ही जिने मोजतो. क्वीन्सटाउन हे डोंगरउतारावर चढलेलं गाव आहे. तळ्याचा देखावा म्हणून जी घरं दाखवतात, ती बहुतेक चढावर असतात आणि गाडी लावायची जागा खाली. आरक्षण करताना "तळमजला, दाराशी पार्किंग" हे विचारून घ्या. ते आनाऊ, वानाका, ट्वायझल या तिन्ही गावांत संध्याकाळी तळ्याकडे किंवा गावात सपाट फेरी मारता येते. तुम्ही इकडे तिकडे फिरायला गेलात तरी आम्हाला एकट्याने बाकावर जाऊन बसता येतं. याचं सुख तरुणांना कळायचं नाही.

दुसरं. छोट्या गावांत उपाहारगृहांची स्वयंपाकघरं रात्री आठ-साडेआठला बंद होतात. मोटेलच्या खोलीत शेगडी, भांडी, फ्रिज असतं, ते बघूनच घ्या. खिचडीचा प्रश्न सुटतो. डाळ-तांदूळ तिकडेच विकत घ्या. इथून नेलं तर न्यूझीलंडमध्ये शिरताना भरायच्या फॉर्मवर खाण्याची प्रत्येक वस्तू जाहीर करावी लागते. राहून गेलं तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड. लाडूसुद्धा जाहीर करायचा.

सांजवारा

अण्णा, मनापासून आभार. सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या, "बघ, कुणीतरी शहाणं माणूस आहे."

आता वानाका की क्वीन्सटाउन? लेकीला गोंडोला (डोंगरावर नेणारा पाळणा) आणि ल्यूज (उतारावरून घसरत यायची छोटी गाडी) हवंय, ते क्वीन्सटाउनला आहे. मला गर्दी नको.

चहाबाज

क्वीन्सटाउन. गोंडोला आहे, तळं आहे, खायला सगळं मिळतं, इंडियनसुद्धा. बाकी गावं रात्री आठला झोपतात.

भिंगरी

वानाका. आठला झोपतं म्हणूनच.

टाकी_फुल्ल

दोघांनी भांडू नका, रस्त्याचं गणित बघा. ट्वायझलहून ते आनाऊला जायचं तर क्वीन्सटाउनच्या दाराशी वाट जातेच. पूर्ण पट्टा एका दिवसात ३७० किमीच्या आसपास, म्हणजे पाच तास नुसतं स्टीअरिंग. तिथे क्वीन्सटाउनची एक रात्र टाका. दुपारी पोचा, लेकीचं ल्यूज उरका, सकाळी पुढे. परत येताना ते आनाऊहून थेट वानाका, तीन तास. तिथे दोन रात्री.

क्वीन्सटाउनहून वानाकाला दोन रस्ते. क्राउन रेंजचा चढतो १,०७६ मीटरपर्यंत, न्यूझीलंडच्या मुख्य डांबरी रस्त्यांत सगळ्यात उंच. अ‍ॅरोटाउनच्या बाजूला वळणावर वळणं. ज्यांना गाडी लागते त्यांनी क्रॉमवेलमार्गे जावं, थोडं लांब पण सरळ.

बाकी चालवण्याबद्दल: डावीकडूनच चालवायचं असल्याने आपल्याला सोपं. आपला इंग्रजीतला परवाना चालतो. खुल्या रस्त्यावर मर्यादा १०० आहे, पण सरासरी ६५-७० च्या वर धरू नका, नाहीतर सगळी वेळापत्रकं कोसळतात. एकपदरी पूल भरपूर येतात. फलकावर तुमच्या बाजूचा बाण लाल आणि छोटा असेल तर थांबायचं, समोरच्याला आधी सोडायचं. मागे गाड्या साठल्या की डावीकडे जागा बघून बाजूला व्हा, इथे लोक हॉर्न वाजवत नाहीत, मनात शिव्या देतात.

सांजवारा

आणि पश्चिम किनारा? फॉक्स की फ्रान्झ जोसेफ?

भिंगरी

फ्रान्झ जोसेफ जरा मोठं. खोल्या जास्त, जेवायला जागा जास्त, आणि किवी पक्ष्याची अत्यंत दुर्मिळ जात रोवी, तिची पिल्लं वाढवणारं केंद्र तिथे आहे. लेकीला आवडेल. पावसाचा दिवस तिथे निभावतो. आणि पाऊस पडणारच. पश्चिमेचं वारं समुद्रावरून येऊन थेट आल्प्सवर आपटतं, सगळं पाणी अलीकडेच सांडतं. म्हणून ट्वायझलकडे गवत पिवळं आणि इकडे झाडांवर झाडं.

दक्षिणकडा

मी फॉक्स म्हणतो, आणि कारण एकच: मॅथेसन तळं. गावापासून ६ किमीवर. जंगलातला पालापाचोळा कुजून पाणी चहासारखं काळपट झालंय, त्यामुळे आरसा असा पडतो की माउंट कुक आणि माउंट टास्मान उलटे दिसतात. पण फक्त वारा सुटायच्या आत. उजाडताना तिथे हजर राहायचं तर फ्रान्झ जोसेफहून अंधारात डोंगराच्या वळणांवरून यावं लागतं. फॉक्सहून दहा मिनिटं. तळ्याभोवतीची चक्कर दीड तासाची, पण आजींना पहिल्या धक्क्यापर्यंत सहज जमेल.

रोवीचं केंद्र दुपारी बघा ना, २३ किमी तर आहे. किवी काही पहाटेच बघायचा नसतो.

हिमनद्यांबद्दल अपेक्षा आधीच खाली आणा. दोन्ही खूप मागे सरकल्यात. आता बर्फावर पाय ठेवायचा तर हेलिकॉप्टरनेच जावं लागतं, आणि हवा बिघडली की ते रद्द. दोन रात्री राहायचं हेही एक कारण.

भिंगरी

"चहासारखं काळपट" हे चहाबाजला उद्देशून का?

मॅथेसनचा मुद्दा मात्र बिनतोड. फॉक्स.

चहाबाज

चहाचा अपमान सहन केला जाणार नाही. वाचनखूण साठवली आहे.

टाकी_फुल्ल

वानाका ते फॉक्स हा लांबलचक आणि या सगळ्यातला सगळ्यात देखणा दिवस. २६० किमी, चालवायचे चार तास, थांबे धरून अख्खा दिवस. हावेया तळं, मग हास्ट पास (जेमतेम ५६२ मीटर, चढ जाणवतही नाही), थंडर क्रीक धबधबा गाडीपासून पाच मिनिटांवर, मग एकदम समुद्र. हा रस्ता १९६५ मध्ये पूर्ण झाला, तोवर वानाकाकडून फॉक्सपर्यंत सलग रस्ताच नव्हता. हास्ट गावात पेट्रोल मिळतं, तिथे भराच. पुढे फॉक्सपर्यंत १२० किमी फारसं काही नाही.

हास्टला मुक्काम करू का, असं कुणी विचारायच्या आत सांगतो: दरड कोसळून रस्ता अडला तरच.

सांजवारा

सगळ्यांचं ऐकून नवा आराखडा:

क्राइस्टचर्च १, ट्वायझल २, क्वीन्सटाउन १, ते आनाऊ २, वानाका २, फॉक्स २, होकिटिका १, क्राइस्टचर्च १.

दहाच्या आठ जागा झाल्या. पुनाकाइकीची रात्र काढली, होकिटिका घेतलं, कारण तिथून आर्थर्स पासमार्गे क्राइस्टचर्च एका दिवसात आरामात होतं. पण पुनाकाइकीचे ते पॅनकेकसारखे खडक सोडवत नाहीत. होकिटिकाहून जाऊन येता येईल का?

दक्षिणकडा

येईल. होकिटिकाहून साधारण तासाचा रस्ता. पण भरतीची वेळ बघून जा. ओहोटीला ते नुसते थरांचे खडक असतात. भरतीला लाटा आत घुसतात आणि भोकांतून पाणी उसळतं. फॉक्सहून सकाळी निघून होकिटिकाला सामान टाकायचं की सरळ पुनाकाइकी गाठायचं, हे त्या दिवसाच्या भरतीवर ठरवा. भरती भल्या सकाळी किंवा रात्री असेल तर पुनाकाइकी सोडून द्या, होकिटिकाची निळी घळ बघा.

क्वीन्सटाउनच्या एका रात्रीबद्दल मी काही बोलत नाही, ल्यूजसमोर कुणाचं चालत नाही.

आकाशगंगू

टेकापो शून्य. निषेध नोंदवून घ्यावा.

सांजवारा

गंगूदादा, नोंदवला. अमावास्या बघूनच विमानाची तारीख घेतेय, आणि ट्वायझलच्या एका रात्री टेकापोला गाडी काढायची तयारी आहे.

टाकी_फुल्ल

रात्री गाडी काढू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांत शरीर भारतीय वेळेवर असतं, साडेसात तासांचा फरक आहे. अनोळखी रस्ता, मधे ससे आणि पॉसम (मांजराएवढा निशाचर प्राणी). ट्वायझलच्या मोटेलबाहेर सतरंजी टाका आणि वर बघा.

अण्णा_निवृत्त

सतरंजीवरून उठायला हात द्यायला कुणीतरी हवं, हे लक्षात असू द्या. खुर्ची बरी.

भिंगरी

सांजवारा, आरक्षण कुठल्या क्रमाने करायचं तेही बघ. आधी ते आनाऊ आणि फॉक्स, मग ट्वायझल. छोट्या गावांतली चार माणसांची युनिटं आधी संपतात. क्वीन्सटाउन शेवटी केलंस तरी चालेल, तिथे काही ना काही मिळतं. मोफत रद्द करता येणारंच घे, हास्टचा रस्ता बंद झाला तर पुढचं सगळं हलतं.

आणि तारखा ठरवताना दोन गोष्टी तपास. मार्चमध्ये होकिटिकाला वाइल्डफूड्स महोत्सव असतो, त्या शनिवार-रविवारी गावात खोली मिळणं कठीण. वर शाकाहारी माणसाने तिथे काय काय शिजतंय ते न बघितलेलं बरं. दुसरं म्हणजे ईस्टर. तो मार्चअखेर आला तर सगळीकडेच गर्दी, आणि सम वर्षी ईस्टरला वानाकात जुन्या लढाऊ विमानांचं मोठं प्रदर्शन भरतं. त्या आठवड्यात वानाका विसर.

सांजवारा

जुनी लढाऊ विमानं हे नवऱ्याच्या कानावर जाऊ देत नाही. अमावास्या, महोत्सव आणि ईस्टर तिन्ही टाळून तारीख शोधतेय. आज रात्री ते आनाऊची खोली बुक करते, तळमजला आणि दाराशी पार्किंग विचारून.